बाळ झालं, बीपी राहिलं

बाळंतीण भेटली की लोक विचारतात, "बाळ कसंय?" मीही आयुष्यभर तेच विचारत आले. आता मी आधी विचारते, "तुझं बीपी शेवटचं कधी मोजलंस?" समोरची दचकते, तिचा नवरा माझ्याकडे रागाने बघतो, पण माझा नाइलाज आहे. हे लिहायला बसलेय तेही अशाच एखादीसाठी. गरोदरपणात जिचं बीपी वाढलं होतं आणि बाळ झाल्यावर जिला सगळ्यांनी "सुटलीस बाई" असं सांगून टाकलंय, तिच्यासाठी.

अंधेरीच्या एका कुरिअर कंपनीत मी तक्रारी ऐकायच्या टेबलावर बसते. दिवसभर लोक माझ्यावर ओरडतात आणि मी "आपली तक्रार नोंदवली आहे" म्हणते. त्यामुळे तक्रार कधी टाळली जातेय हे मला लगेच कळतं. माझ्या स्वतःच्या शरीराने तक्रार केली, तेव्हा मात्र आख्ख्या घराने ती टाळली. टाळणाऱ्यांत मीही होते.

दुसरा हात

आठवा महिना होता. पाय सुजले होते, बोटातली अंगठी निघत नव्हती. बिल्डिंगमधल्या बायका म्हणाल्या, सगळ्यांनाच येते सूज. मला ते पटलं, कारण पटवून घ्यायचंच होतं. मी आणि हर्षल, माझा नवरा, नायगाव पूर्वेला एका टॉवरमध्ये राहतो. त्याचं गाव जूचंद्र, रिक्षाने अगदी जवळ. आम्ही मात्र पत्ता सांगताना टॉवरचंच नाव सांगायचो.

नेहमीच्या तपासणीला गेले. सिस्टरने पट्टा बांधला, हवा भरली, आकडा बघितला. मग काही न बोलता दुसऱ्या हाताला बांधला. पुन्हा बघितलं आणि उठून आत गेली. ती गप्पांची बाई होती. तिला गप्प मी पहिल्यांदाच बघत होते.

डॉक्टर मॅडमनी लघवी तपासायला पाठवली, रिपोर्ट बघितला आणि म्हणाल्या, "अ‍ॅडमिट व्हायचं."

"घरी जाऊन बॅग घेऊन येते."

"बॅग मिस्टर आणतील. तुम्ही या खुर्चीतून उठून फक्त त्या खाटेवर जायचं."

आजाराचं मोठं इंग्रजी नाव त्यांनी सांगितलं. मला एवढंच कळलं की बीपी असंच राहिलं तर मला झटके येऊ शकतात आणि बाळाचंही काही सांगता येत नाही. हर्षल आला तेव्हा त्याच्या हातात बॅग होती आणि तोंडावर उसनं हसू. "टेन्शन नको घेऊस यार, होईल सगळं," तो म्हणाला. मी त्याला म्हटलं, असं बोलणाऱ्यांना मी दिवसभर फोनवर ऐकते, तू तरी नको बोलूस. मग तो भिंतीकडे बघत बसला. तेव्हा तो रडत होता, हे मला नंतर कळलं.

तारखेच्या बरंच आधी सीझर केलं. मुलगी झाली. एवढीशी होती, पण रडली खणखणीत, पेटीत ठेवायची वेळ आली नाही. मॅडम म्हणाल्या, "आता बीपी बहुतेक हळूहळू उतरेल." यातले 'बहुतेक' आणि 'हळूहळू' हे शब्द आमच्यापैकी कुणीच ऐकले नाहीत.

सटीची संध्याकाळ

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं. माझं माहेर साताऱ्याकडे, पण आई तिथे नव्हती. माझ्या लग्नाच्या आधीच ती गेली. स्वयंपाकघरात पाट उचलायला वाकली आणि उठलीच नाही. पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती. "अचानक गेली," असं सगळे म्हणायचे. म्हणून चौथ्या दिवशी घरी सोडल्यावर मी बाळाला घेऊन जूचंद्रला सासूबाईंकडे गेले. त्यांना मी मम्मी म्हणते.

सासूबाई आगरी, मिठागरावर वाढलेल्या आणि मिठागरावरच दिलेल्या. बोलणं खणखणीत, हात त्याहून. त्यांनी माझा ताबा घेतला. कानात कापूस, डोक्याला घट्ट फडकं, खाटेखाली शेगडी, ओव्याची धुरी. मी कुरकुरले की म्हणायच्या, "गप रव. बालंतिनीचे अंगान वारा शिरला का जनमभर निघत नाय." दिवसातून किती वेळा माझ्या कपाळाला हात लावून बघायच्या याला गणती नव्हती. इतकी काळजी आईनंतर माझी कुणी घेतली नव्हती.

सहाव्या दिवशी सटी पुजायची होती. त्या संध्याकाळी सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर नशीब लिहिते, म्हणून बाळ-बाळंतिणीने उंबरा ओलांडायचा नाही. सासूबाईंनी पाट मांडला, दिवा लावला. माझं डोकं सकाळपासून दुखत होतं. दुपारी सांगितलं तर त्यांनी फडकं सोडून अजून घट्ट बांधलं आणि बाम चोळला. "वारा लागलाय, दुसरा काय?" मी पडून राहिले. दिवेलागणीला दिव्याकडे बघितलं तर दिव्याभोवती ठिपके नाचत होते. डोळे मिटले तरी ते जाईनात.

आणि मला त्या गप्पिष्ट सिस्टरचं घरी सोडतानाचं बोलणं आठवलं. "डोकं दुखलं, डोळ्यांपुढे काही चमकलं तर बाम लावत बसायचं नाही हं. तडक यायचं." तेव्हा मी बाळाची टोपी शोधत होते आणि नुसतंच हूं केलं होतं.

"हर्षल, मला हॉस्पिटलला जायचंय. आत्ता."

तो आईकडे बघायला लागला. मला इतका संताप आला की डोकं अजूनच ठणकलं. सासूबाई दारात उभ्या राहिल्या. "आज नाय. आज सटी हाय. सकाली जा."

"मम्मी, मला नीट दिसत नाहीये."

"बालंतिनीचे डोल्यापुढं येतेच अंधारी."

हॉस्पिटलने घ्यायला लावलेलं बीपीचं मशीन अजून खोक्यात होतं. हर्षलने ते फोडलं. घाईत पट्टा त्याने आधी उलटा लावला. मशीन गुरगुरलं, थांबलं, आणि आकडा आला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी जो होता त्याहून मोठा. हर्षलने ते मशीन आईसमोर धरलं. त्यांना आकड्यातलं काही कळत नव्हतं. पण मुलाचा चेहरा कळला असावा.

त्या दारातून बाजूला झाल्या. माझ्या हातातलं बाळ त्यांनी घेतलं. "पोरीला मना दे. तू जा."

"आणि सटी?"

"मी बसतंय दिव्याजवल. सटवाय आली तर सांगन तिला, हिची आय दवाखान्यान गेलीय, थांब जरा."

रिक्षात बसले तरी ते वाक्य कानात होतं. मी परत आलेच नाही तर सटवाई किती वेळ थांबणार, हा विचार मनात आला आणि मी हर्षलचा हात एवढा दाबला की त्याला नखं लागली.

दुसऱ्यांदा

पहिल्या वेळी मी बाळासाठी घाबरले होते. या वेळी स्वतःसाठी घाबरले, आणि ही भीती वेगळी असते. तिच्यात सोबत कुणी नसतं. झटके येऊ नयेत म्हणून इंजेक्शन दिलं तेव्हा सगळं अंग आतून तापलं, जीभ जड झाली. डोक्याशी मॉनिटर होता. पट्टा आपोआप फुगायचा आणि मी मान वळवून आकडा बघायची. आकडा मोठा दिसला की भीती, भीतीने पुढचा आकडा आणखी मोठा. शेवटी सिस्टरने मॉनिटरचं तोंडच माझ्याकडून फिरवून टाकलं. "हे बघायचा पगार मला मिळतो, तुम्हाला नाही," ती म्हणाली. त्या मुक्कामातलं मला सगळ्यात जास्त आठवतं ते हेच.

छाती दुधाने दगड झाली होती आणि बाळ जूचंद्रला होतं. हर्षल फोनवर तिचा फोटो दाखवायचा. मी फोटो बघायची नाही. बघितला की रडू यायचं, आणि रडले तर बीपी चढेल असं वाटायचं.

हळूहळू आकडे खाली आले. या वेळी 'हळूहळू' हा शब्द मी नीट ऐकला.

घरी सोडायच्या दिवशी मॅडम खुर्ची ओढून माझ्याजवळ बसल्या. म्हणाल्या, "आता जे सांगते ते कुणी सहसा ऐकत नाही, कारण सगळे घरी जायच्या घाईत असतात. ज्यांना हा त्रास होतो त्यांच्या हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना पुढेही धोका जास्त असतो. बीपी आज उतरलं तरी जन्मभर मोजत राहायचं. कुठल्याही डॉक्टरकडे गेलात, अगदी गुडघा दाखवायला गेलात, तरी सांगायचं की बाळंतपणात बीपी वाढलं होतं." मग विचारलं, "तुमच्या आईला हृदयाचा काही त्रास होता?"

"आई अचानक गेली. अ‍ॅटॅक म्हणाले."

"तुमच्या जन्माच्या वेळी तिला काही त्रास झाला होता का?"

मला माहीत नव्हतं. आपल्या जन्माच्या गोष्टीत आपण किती वजनाचे होतो आणि बाहेर पाऊस होता का, एवढंच आपल्याला सांगतात.

घरी येऊन मी साताऱ्याला अण्णांना, माझ्या वडिलांना, फोन लावला. माझा प्रश्न त्यांनी पुन्हा विचारायला लावला. मग म्हणाले, "तुझ्या टायमाला लई सुजली होती ती. हातपाय वाकडं झालं, दातखिळी बसली. आम्ही म्हटलं, गेली. पण वाचली बघ. तू झालीस आन् बरी झाली."

"नंतर कधी दाखवलं का डॉक्टरला?"

"कशापायी? बरीच झाली होती की."

फोन ठेवला आणि मी बाळ मांडीवर घेऊन नुसती बसून राहिले. आई अचानक गेली नव्हती. माझ्या जन्मापासून ती त्या पाटाकडे चालत आली होती आणि वाटेत कुणी तिच्या हाताला पट्टा बांधला नव्हता. आता त्याच वाटेवर मी होते. मांडीवरच्या मुलीला अजून मान सावरता येत नव्हती.

अळणी

मी माझ्या स्वभावाप्रमाणे हात धुऊन बीपीच्या मागे लागले. मॅडमनी हृदयाच्या डॉक्टरकडे पाठवलं. त्यांनी इको काढला, तो बरा निघाला. साखर, कोलेस्टेरॉल बघितलं. चालायला सांगितलं, वजन उतरवायला सांगितलं, मीठ निम्म्याहून कमी करायला सांगितलं. पापड, लोणचं, सुकी मासळी बंद. सासरी हे सांगताना माझी जीभ अडखळली. सुकट आणि बोंबलाशिवाय ज्या घराचं पान हलत नाही, तिथे हे सांगायचं म्हणजे धाडसच होतं. पण सासूबाईंनी दुसऱ्याच दिवशी सुकटीचा डबा शेजारी देऊन टाकला. "डॉक्टरनं सांगलंय ना? बास."

रजा संपली. मी कामावर जाऊ लागले तशा त्या बाळासाठी आमच्याकडे नायगावला राहायला आल्या. स्वयंपाकही त्यांनी हातात घेतला. मी संध्याकाळी आले की खाडीकडच्या रस्त्याने झपाझप चालून यायची. जुनी मिठागरं तिथून दिसतात, आता नुसती गवताने भरलेली. गोळ्या कमी होत होत बंद झाल्या. लोक म्हणाले, गेलं बघ बीपी. मनातून मीही सुटल्यासारखी झाले होते.

मुलगी धरून धरून उभी राहायला लागली त्या सुमारास आकडा परत चढायला लागला. आधी थोडा, मग ठरवून ठेवल्यासारखा रोज. गोळी पुन्हा सुरू झाली. मग गोळी वाढली. माझी तर झोपच उडाली. मुलीला उचलायला वाकले की मला आईचा पाट दिसायचा. हर्षल ऑफिसमधून उगाच फोन करायचा आणि "काही नाही, सहज," म्हणायचा. आम्ही दोघं एकमेकांवर खेकसायला लागलो. दुधाच्या पिशवीवरून भांडण, पंख्यावरून भांडण. खरी गोष्ट कुणी बोलत नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, "मीठ कुठून तरी जातंय."

"शक्यच नाही," मी म्हटलं. "आमच्या घरी मिठाची पुडी येतच नाही, सगळेच अळणी जेवतो."

हे खरंच होतं. पुडी येत नव्हती.

बरणी

एका रविवारी मी मुलीला भरवत ओट्याजवळ उभी होते. सासूबाई माझ्यासाठी वेगळं वरण करत होत्या. त्याला चव कोकमाने येते असंच मी इतके दिवस धरून चालले होते. त्यांनी ओट्याखालून एक चिनी मातीची बरणी काढली, आत हात घातला आणि चांगली चिमूट वरणात टाकली. जाडे, करड्या झाकेचे खडे.

"मम्मी, हे काय?"

"मीठ."

"माझ्या वरणात?"

"मंग? अलनी वरन कोन खाईल?" त्यांना माझ्या आवाजाचं खरंच आश्चर्य वाटलं होतं. "डॉक्टरनं पुरीचं, दुकानाचं मीठ बंद केलंय. पुरीचं घरान येतंच नाय. ह्ये आपले मिठागराचं हाय. तुझे सासऱ्यांनी काढलेलं शेवटचं मीठ. आपले मिठानं कोनला काय झालं नाय आजपोत. उलट रगत साफ होतं."

मी काय बोलले ते लिहायला बरं वाटत नाही, पण लिहिते. मी म्हटलं, "तुम्हाला मी मरायला हवीय का?"

मुलगीसुद्धा चावायची थांबली. सासूबाईंनी गॅस बंद केला, पदराला हात पुसले, आपली पिशवी भरली आणि हर्षल खालून यायच्या आत रिक्षा करून जूचंद्रला निघून गेल्या. बरणी तशीच ओट्यावर राहिली.

मी रागाने धुमसत होते आणि राग उतरायला लागला तसं रडू यायला लागलं. माझे सासरे मी लग्न होऊन यायच्या आधी वारले होते. मिठागर त्यांच्या आधी गेलं होतं. त्या मिठाची एकच गोण घरात उरली होती, आणि ती सासूबाई देवाच्या प्रसादासारखी पुरवून वापरायच्या. जेवणात नाही, फक्त सणाला. ही सगळी माहिती हर्षलने मला त्या संध्याकाळी दिली. "ती आम्हालाही देत नाही ते मीठ," तो म्हणाला. "तुला रोज देत होती."

ह्ये पन?

पुढच्या तपासणीला हर्षल आईला घेऊन आला. मी आणि त्या बाकावर शेजारी बसलो, मध्ये मुलीला ठेवून. आत गेल्यावर त्यांनी पदरातून कागदात बांधलेले खडे काढले आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवले.

"डॉक्टर, ह्ये समिंदराचं हाय. आमचे मिठागरान पिकलेलं. ह्ये पन चालत नाय?"

डॉक्टर तरुण होते. ते हसतील अशी मला भीती होती. ते हसले नाहीत. त्यांनी एक खडा उचलून बघितला. "आजी, चांगलं मीठ आहे. पण मीठच आहे. पुडीतलं असो की खाडीतलं, हिच्या रक्तवाहिन्यांना दोन्ही सारखंच."

सासूबाई त्या खड्यांकडे बघत राहिल्या. "म्हन्जे मी हिला आपले हातानं..." एवढंच बोलल्या. मग कागद पुन्हा बांधला. त्या बाईला मी एवढ्या वर्षांत कधी रडताना पाहिलं नव्हतं. मी त्यांचा हात धरला. त्यांनी सोडवून घेतला नाही.

आता

माझं बीपी आता आटोक्यात आहे. एक लहान गोळी चालू आहे आणि ती कदाचित जन्मभर राहील. पूर्वी मला याची लाज वाटायची. आता नाही वाटत. आईला ती गोळी मिळाली असती तर तिने माझ्या मुलीचे लाड केले असते. भीती गेलेली नाही. छातीत जरा कळ आली तरी अजून घाम फुटतो आणि मी तपासून येते. लोक घाबरट म्हणतात, खुशाल म्हणू देत. तुम्हीही जा. बाळ शाळेत जायला लागलं असेल, विसरल्या असाल, तरी जा. आणि जमलं तर आपल्या आईला विचारा, तिच्या बाळंतपणात काय झालं होतं ते. ती असेपर्यंत विचारा.

सासूबाई परत आमच्याकडे आहेत. वरण कोकम आणि लसणीवर निभावतं. खोटं कशाला बोलू, चव यथातथाच असते. बरणी अजून ओट्याखालीच आहे. ती शनिवारी संध्याकाळी निघते. सासूबाई मूठभर खडे आणि मोहरी घेतात, दृष्ट काढायला. माझा या सगळ्यावर विश्वास नव्हता, आजही नाही. पहिल्या वेळी मी मुलीला पुढे केलं. एवढंसं बाळ, नजर लागते ती त्यालाच, असं आपण धरूनच चालतो.

त्यांनी तिला बाजूला सरकवलं.

"तिची मंगशी," म्हणाल्या. "आदी तिचे आयची."

आणि माझ्या डोक्यापासून पायापर्यंत त्या शेवटच्या मिठाची मूठ ओवाळायला लागल्या. आल्याची, गेल्याची, घरच्याची, दारच्याची असं पुटपुटत असताना मध्येच त्यांनी कोपऱ्यातल्या बीपीच्या मशीनकडे रागाने बघून घेतलं, आणि त्याचीही नजर काढली. माझ्या जन्मानंतर सगळे पाळण्याभोवती जमले असतील तेव्हा माझ्या आईसमोर असं कुणी उभं राहिलं होतं का, मला माहीत नाही. मी हसू दाबत बसले होते. मग डोळे मिटून घेतले आणि त्यांचं होईपर्यंत हलले नाही.